शिकाऊ डॉक्टर दहिवडी-जतला पाठवा, पण शिकवणाऱ्याची सोय करून

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.
(प्रत : मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री)

महोदय,

मिरजेत १९६२ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, साताऱ्यात २०२१ पासून. कराडात आणि सांगलीत खासगी कॉलेजेही आहेत. डॉक्टर घडवण्यात हे दोन जिल्हे मागे नाहीत. तरीही माण, खटाव, पाटण, आटपाडी, जत इथल्या लोकांना डॉक्टरची वाट बघावी लागते. त्यावर चर्चा निघाली की ती बंधपत्र (शिक्षणानंतर ठरावीक काळ सरकारी सेवा करण्याची लेखी हमी) आणि ते मोडल्याच्या दंडाच्या रकमेपाशीच अडते. आमची मागणी त्याच्या आधीच्या टप्प्याची आहे : मुलगा डॉक्टर होत असतानाच त्याला तालुक्याच्या रुग्णालयात शिकवा.

एमबीबीएसच्या शेवटी येणाऱ्या इंटर्नशिपच्या वर्षातले १२ आठवडे सामुदायिक वैद्यकशास्त्रासाठी राखलेले आहेत. वेळ पुरेसा आहे. पण बऱ्याच ठिकाणी इंटर्न सकाळची ओपीडी बघतो, रजिस्टर भरतो आणि दुपारच्या एसटीने परततो, कारण राहायला खोली नसते. मुलींची अडचण तर आणखी मोठी. अडलेली बाळंतीण, सर्पदंश, फवारणीच्या औषधाची विषबाधा यांतले बरेच रुग्ण संध्याकाळनंतर येतात. तेव्हा इंटर्न तिथे नसतो. असला तरी त्याने कशाला हात लावायचा हे ठरलेले नाही. कॉलेज आपल्या खात्याचे, ग्रामीण रुग्णालय आरोग्य विभागाचे म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखालचे, आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे. काही बरेवाईट झाले तर उत्तर कोण देणार, या धास्तीने वैद्यकीय अधीक्षक त्याला लांब ठेवतात. त्यांना दोष देता येत नाही. पुढे हाच मुलगा बंधपत्रावर येतो, तेव्हा ३०,००० लोकसंख्येच्या केंद्रात (डोंगरी भागात २०,०००) शेजारी विचारायला कोणी नसते.

तालुक्यात काय शिकता येते, ते सर्पदंशावरून सांगतो. ऊसतोडीच्या हंगामात मजुराला रात्री पालात काहीतरी चावते. पहिली चाचणी साधी आहे : शिरेतले २ मिली रक्त नव्या, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचे, २० मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग एकदाच तिरके करून बघायचे. रक्त पातळच राहिले तर घोणस किंवा फुरशाचा संशय. पण नळी प्लास्टिकची असली किंवा साबणाने धुतलेली असली, तर चांगले रक्तही गोठत नाही आणि गरज नसताना सर्पविषावरची लस दिली जाते. पाचव्या मिनिटाला हलवून बघितले तरी निकाल बिघडतो. मण्यारीचे उलटे आहे. सूज नाही, दाताची खूण नाही, रक्त व्यवस्थित गोठते. फक्त पोट दुखते आणि पापण्या जड होतात. चाचणी चांगली आली म्हणून अशा रुग्णाला घरी पाठवले, तर पहाटे त्याचा श्वास बंद पडतो. लसीचा पहिला डोस ८ ते १० व्हायल (औषधाच्या लहान बाटल्या). प्रत्येकीत १० मिली पाणी घालून हलक्या हाताने फिरवायचे, जोरात हलवले की फेस होतो. लस सुरू करण्याआधी अ‍ॅड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून ठेवायचे, कारण रिअ‍ॅक्शन पहिल्या काही मिनिटांतच येऊ शकते. रेफर करायचे तर डोस सुरू करून, अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) सोबत देऊन १०८ मध्ये घालायचे. जत ते मिरज ऐंशी किलोमीटरच्या आसपास आहे. कॉलेजच्या वॉर्डात रुग्ण पोचतो तोवर हा सगळा भाग उरकलेला असतो किंवा हुकलेला असतो. विद्यार्थी तो बघतच नाही.

घाटाखाली महाड भागात डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, तेही खेड्यातले रुग्ण रात्रंदिवस जवळून बघूनच.

सलग १२ आठवडे एका जागी राहिलेला इंटर्न सातव्या-आठव्या महिन्यातली बाई बघतो आणि तिचे बाळंतपणही तिथेच बघतो. बीपीची गोळी कोणी का सोडली हे त्याला आशाताईंकडून कळते. जतच्या पूर्व भागात चार कानडी शब्द आल्याशिवाय रुग्णाची तक्रारच कळत नाही, हेही तिथेच समजते.

अशाने मुले परीक्षेत मागे पडतील ही भीती पालकांना आणि प्राध्यापकांनाही वाटते. दक्षिण ऑस्ट्रेलियात फ्लिंडर्स विद्यापीठाने १९९७ पासून विद्यार्थ्यांना अख्खे वर्ष लहान गावांत शिकवायला सुरुवात केली. ते मागे पडले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात : ग्रामीण मुलांना प्रवेश द्या, शिक्षण गावांजवळ न्या.

यासाठी दोन्ही विभागांचा एकच संयुक्त शासन निर्णय हवा. इंटर्न कोणाच्या देखरेखीखाली काय करू शकतो, ते त्यात स्पष्ट लिहा. तालुक्यातल्या तज्ज्ञाला मानद शिक्षकाचा दर्जा आणि मानधन द्या. लॉगबुकवर (इंटर्नने केलेल्या कामाच्या नोंदवहीवर) सही त्यानेच, त्याच दिवशी करावी. शेवटच्या आठवड्यात एकदम झालेल्या सह्यांना काही अर्थ नसतो. ३० खाटांच्या रुग्णालयात एका वेळी चारच इंटर्न पाठवा. जास्त पाठवले तर बाळंतपणे वाटली जातात आणि कोणाचाच हात बसत नाही. खोल्या रुग्णालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर हव्यात, संडास-बाथरूम आणि पाण्यासकट, आणि त्या मुले येण्याआधी तयार हव्यात.

एमडी-एमएसच्या विद्यार्थ्यांना जिल्हा आरोग्य यंत्रणेत तीन महिने काढावेच लागतात. त्यांना ५० आणि १०० खाटांच्या उपजिल्हा रुग्णालयांत पाठवा, आणि स्त्रीरोगाचा निवासी डॉक्टर व भूलशास्त्राचा निवासी डॉक्टर एकाच वेळी, एकाच ठिकाणी पाठवा. भूल द्यायला कोणी नसेल, तर सिझेरियन येणारा डॉक्टरही रुग्णाला रेफरच करतो. अवघड केसमध्ये त्यांच्या हाताशी तज्ज्ञ हवा, हे वेगळे सांगायला नको.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. या मुलांना रिक्त पदावरचा माणूस धरू नका. मेडिकल ऑफिसर रजेवर आणि इंटर्न एकटा, असे एकदा झाले की कॉलेज पुढची तुकडी पाठवणार नाही, आणि ते बरोबरच असेल.

सुरुवात दहिवडी (माण तालुका) आणि जत इथून, येत्या इंटर्नशिपच्या तुकडीपासून करता येईल. वर्षभराने सर्पदंशाचे किती रुग्ण लस न देताच रेफर झाले, रात्रीची किती बाळंतपणे तालुक्यातच झाली आणि किती इंटर्न मुक्कामी राहिले, हे आकडे तपासा. मसुद्याच्या बैठकीला आम्ही स्वखर्चाने मंत्रालयात येऊ.

आपले,
सातारा व सांगली जिल्ह्यांतील ग्रामीण रुग्णालयांत काम करणारे आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवणारे डॉक्टर