बाबू, उतारावर नेतात का ते विचार

बाबू,

तू पोचलास हे आईकडून कळलं. मला फोन केला नाहीस, ठीक आहे, राग आहे तो समजतो. रविवारी तू जेवणावरून उठून गेलास तेव्हा बांगडा ताटात तसाच राहिला आणि आईने तो संध्याकाळपर्यंत झाकून ठेवला, कोणाला हात लावू दिला नाही. "कारचा आरसा मोडून आणणारा ट्रक काय चालवणार" असं मी बोलायला नको होतं, तेही माईच्या सासरच्या माणसांसमोर. तो आरसा मोडला त्याला तीन वर्षं झाली आणि तेव्हाही चूक त्या रेंट-अ-कारवाल्याची होती, तू सांगितलं होतंस, मीच ऐकून घेतलं नव्हतं.

तर आता ट्रक चालवू नको असं मी म्हणणार नाही. वेर्ण्याच्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर अकरा महिने आणि मग परत घरी बसा, हे तू दोनदा केलंस, तिसऱ्यांदा करायचं नाही हे मला पटलंय. कामाला हात घालायचा म्हणतोस ना, घाल. माझं म्हणणं फक्त शिकायचं कुठे एवढंच आहे, आणि तेही मी एकदाच लिहिणार आहे.

तू जी जाहिरात दाखवलीस ना, दहा दिवसांत हेवी लायसन्स, टेस्टचं टेन्शन आमचं, त्या ड्रायव्हिंग स्कूलला मी सोमवारी फोन केला. तुला न विचारता केला. मुलाला शिकायचंय म्हणून सांगितलं, नाव नाही सांगितलं. दोनच गोष्टी विचारल्या. पहिली, गाडीत लोड असतो का. तो मुलगा हसला, म्हणाला काका लोड कोण भरतो शिकायला. दुसरी, उतारावर नेता का. म्हणाला टेस्ट ग्राउंडवर असते, उतार कशाला. मी फोन ठेवला आणि त्या रात्री मला झोप नाही लागली, आईला विचार.

दहा दिवस, रोज अर्धा तास म्हणाला तो. म्हणजे पाच तास झाले. नियमात हेवीसाठी महिनाभराचं ट्रेनिंग आहे, ३० दिवस, आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवणं निदान १५ तास. हे सेंट्रल मोटर व्हेइकल रूल्समध्ये लिहिलेलं आहे, मी मनाचं सांगत नाही. प्रत्येक शिकाऊ माणसाच्या तासांचं रजिस्टर स्कूलला ठेवावं लागतं, फॉर्म १५ म्हणतात त्याला, तू गेलास की तो बघायला माग. दाखवायला कांकूं केली तर तिथून बाहेर पड. पाच तास चालवून फॉर्म ५ वर, म्हणजे ट्रेनिंग पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर, सही मिळत असेल तर उरलेले दहा तास कोणी चालवले? कागदावर तू, आणि गाडीत कोणीच नाही. गाडीला डबल कंट्रोल आहे का, म्हणजे शिकवणाऱ्याच्या पायाखाली पण ब्रेक आणि क्लच आहे का, वाकून स्वतःच्या डोळ्यांनी बघ. एका गाडीवर किती मुलं ते पण विचार, कारण चार जण पाळीपाळीने बसले तर तासाची पंधरा मिनिटं होतात आणि बाकीचा वेळ मागे बसून मोबाईल. शिकवणारा स्वतः कधी लाईनवर, म्हणजे माल घेऊन लांबच्या ट्रिपला, गेलाय का ते विचार. अनमोड घाट रात्रीचा उतरलाय का, बेळगावची भाजी घेऊन, पावसात. ज्याने घाट उतरला नाही तो उतार कसा शिकवणार.

बघ, परत उतारावर आलो.

कागदपत्रांचं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तरी लिहितो. वय २० लागतं, ते झालंय. कारचं लायसन्स वर्षभर जुनं लागतं, तेही आहे. डॉक्टरचा फॉर्म १ए लागेल, डोळे नीट तपासून घे, तुला लांबचं अंधुक दिसतं हे तू आईपासून लपवलंस तरी मला माहीत आहे. चष्मा लागला तर लागला, नानाने चष्म्यावर तीस वर्षं बस चालवली. लर्निंग काढल्यावर महिनाभर टेस्ट देता येत नाही, तेव्हा दहा दिवसांत लायसन्स कसं येतं ते त्यांनाच विचार. अजून एक आहे, २०२१ पासून सरकारने मान्यताप्राप्त ट्रेनिंग सेंटर काढलीत, तिथे हेवीचा कोर्स ३८ तासांचा, सहा आठवडे, आणि तिथून पास झाला की आरटीओची वेगळी टेस्ट द्यावी लागत नाही. त्यांच्याकडे सिम्युलेटर असतो आणि स्वतःचा ट्रॅक असतो. असं सेंटर गोव्याबाहेर मिळालं तरी जा, कोल्हापूर, बेळगाव, कुठेही, खोलीचं भाडं मी देतो. बालरथच्या, म्हणजे शाळेच्या बसच्या, पगारातून मी थोडे बाजूला टाकलेत, माईच्या लग्नानंतर काय राहिलंय असं तुला वाटतं, पण राहिलंय.

नाहीतर दुसरं असं कर, सहा महिने छोटी गाडी चालव. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलंय की कारच्या लायसन्सवर साडेसात हजार किलोच्या आतली मालवाहू गाडी चालवता येते. प्रकाशमामाचा टेम्पो आहे, म्हापसा मार्केट ते पेडणे रोजचा माल. तिथे हात बसव, पाठीमागे वजन असलं की गाडी कशी ढकलते ते अंगाला कळू दे, मग मोठीत बस. तू म्हणशील पपाला उशीर करायचाय. तसं नाही रे. असेलही थोडं.

लेक्चर झालं, मला कळतंय. मी फोनवर टाइप करायला बसलो की थांबत नाही, तू समोर असलास की तोंडातून वाकडंच येतं.

तुला आपला खाणीवरचा टिपर ट्रक आठवतो का बाबू? तू इंजिनच्या बॉनेटवर गोधडी टाकून बसायचास, खालून गरम लागायचं तरी उठत नव्हतास. रविवारी पहिली ट्रिप मारून मी घरी पेज खायला थांबायचो तेव्हा तू आधीच चप्पल घालून दारात. तुझ्या कानात तांबडी माती जायची आणि आई मला ओरडायची, कपडे धुतले की पाटाचं पाणी लाल. हॉर्न दोनदा मारला की आपला, एकदा मारला की शेजारचा, हे तू ठरवलं होतंस. सप्टेंबर २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हा तू नऊ वर्षांचा. रोज विचारायचास आज गाडी का नाही गेली, मी म्हणायचो उद्या. हप्ता मात्र उद्यावर जात नव्हता. गाडी परसात उभी राहिली, हौद्यात पावसाचं पाणी साचलं, चाकांतून गवत वर आलं. विकायला नेली तो दिवस मी मुद्दाम शाळेचा निवडला, तू घरी असतास तर मला चावी देता आली नसती. मग २०१८ ला परत सगळं बंद झालं तेव्हा गावातली माणसं रडत होती आणि मला वाटलं बरं झालं, आपण आधीच सुटलो. तेव्हाच ठरवलं होतं की आपल्या घरातून परत कोणी ट्रकच्या केबिनमध्ये चढणार नाही. आता लिलाव होऊन थोड्या खाणी चालू झाल्या आणि तू नेमका हाच विषय काढलास.

एक गोष्ट मी घरात कधी सांगितली नाही. आई हे वाचेल तर वाचू दे.

फेब्रुवारी होता, शिमग्याच्या आधी, २०११. पाळीकडून जेटीवर जाताना जी उतरण लागते, तिथे. दिवसातली शेवटची ट्रिप, लोड पूर्ण, दहा टनाच्या वर. क्लीनर मागच्या गाड्यावर चहाला उतरला होता, म्हणाला परत येताना घ्या. सगळे करायचे तसं मी उतारावर गेर न्यूट्रल केला, डिझेल वाचतं म्हणून, रोजचं होतं ते, कधी काही झालं नव्हतं. पुढे एक गाडी हळू चालली होती म्हणून ब्रेक दाबला, सोडला, परत दाबला. तीन-चार वेळा झाल्यावर वास आला. ब्रेकचा लायनर जळल्याचा वास, तो तुला सांगून कळणार नाही, रबर आणि केस एकत्र जाळल्यासारखा. पाय पूर्ण खाली आणि गाडी धावतेच आहे. हवेच्या प्रेशरचा काटा बघितला तर तो खाली चाललेला, बझर वाजायला लागला. गेर टाकायला गेलो तर पडेना, नुसता किर्र आवाज, कारण गाडीचा स्पीड गेरच्या बाहेर गेलेला. खाली वळणावर आंब्याखाली दोन मुलं सायकल घेऊन उभी होती, हे मी बघितलं, आणि डाव्या बाजूच्या चिऱ्याच्या डोंगराला गाडी घासत नेली. कितीतरी वेळ घासत गेली असं वाटलं, नंतर मोजलं तर चाळीस पावलं.

मला काही झालं नाही, कपाळाला खोक पडली तेवढी. डावा दरवाजा आत येऊन सीटला टेकला होता. त्या बाजूला रविवारी कोण बसायचं ते तुला माहीत आहे. तो मंगळवार होता, तू शाळेत होतास. घरी मी स्प्रिंगचा पाटा तुटला म्हणून सांगितलं आणि गॅरेजचे पैसे सोसायटीतून काढले. त्यानंतर तुला मी गाडीत घेतलं नाही, तू चार दिवस रडलास, आईला वाटलं मला कामाचा ताण आहे.

म्हणून विचारतो रे, उतारावर नेतात का.

चढ ज्या गेरात चढतोस त्याच गेरात उतार उतरायचा, गेर उतरण सुरू व्हायच्या आधी टाकायचा, मध्ये नाही. इंजिनाने गाडी धरायची, एक्झॉस्ट ब्रेक लावायचा, पायाचा ब्रेक थोडा थोडा आणि शेवटी. न्यूट्रल कधीच नाही, मालक सांगो की दोस्त सांगो. हे चार ओळींत लिहिता येतं आणि मला पण तेव्हा हे सगळं तोंडपाठ होतं. पण मला शिकवलं रिकाम्या गाडीवर, मैदानात, दोन ड्रमच्या मध्ये बॅक घ्यायला. रिकामी गाडी पाय लावला की थांबते, त्यामुळे पायाला तीच सवय लागते. भरलेल्या गाडीत पहिल्यांदा बसलो तो दिवस कामाचा दिवस होता, आणि बाजूला कोणी नव्हतं. तुझं तसं होऊ नये. एक दिवस, एकच दिवस जरी त्यांनी वाळू भरून एखाद्या उतरणीवर डबल कंट्रोलच्या गाडीत तुला नेलं तर ते स्कूल घे, लांब असलं तरी, महाग असलं तरी. आजही मी बालरथ शाळेच्या उतरणीवर दुसऱ्या गेरात घेतो, मागून मुलं ओरडतात, काका फास्ट, काका फास्ट.

आणि टँकरच्या पगाराचं तू बोलत होतास ते आत्ता नको. त्याला वेगळं तीन दिवसांचं ट्रेनिंग आणि लायसन्सवर वेगळी नोंद लागते. चिखलीला २०१८ मध्ये अमोनियाचा टँकर कलंडला तेव्हा रात्री लोकांना घरं सोडून पळावं लागलं होतं. दोन-तीन वर्षं साधा माल ने, मग बघू.

एक गोष्ट तुला सांगायची राहून गेली होती. गेल्या चवथीला चित्रशाळेतून गणपती आणताना वाटेत देसायांची गाडी अडकली होती म्हणून तू मामाचा टेम्पो मेन रोडपासून आपल्या अंगणापर्यंत पूर्ण बॅक आणलास, ती पोफळींमधली वाट, दोन्ही बाजूला वीतभर जागा नाही, आणि पावसाने सगळं निसरडं. मी मागे मूर्ती धरून उभा होतो. मूर्ती हलली नाही बाबू. मूर्तीच्या हातातला मोदक पण हलला नाही. सगळे तुला शाबास म्हणाले आणि मी काही न बोलता गणपतीवरची फळांची माटोळी बांधायला निघून गेलो. बोलायला हवं होतं. तीस वर्षं गाडी चालवून मला त्या वाटेने इतकं सरळ बॅक घेता आलं नसतं.

रविवारी आलास तर फोंड्याला जाऊ या, तिथे दोन स्कूल आहेत म्हणतात, एकाचा मालक पूर्वी लाईनवर होता. विचारायचं ते तूच विचार, मी बाहेर चहाच्या गाड्यावर बसेन, आत येणार नाही. फक्त गाडी बघताना मला एकदा हाक मार, मी टायर आणि लायनर बघतो आणि परत जाऊन बसतो.

नानाचा पाय अजून सुजतो, औषध बदललंय. आईने पेजेबरोबर लागते म्हणून आंब्याच्या लोणच्याची बरणी तुझ्यासाठी बाजूला ठेवलीय, येताना रिकाम्या बरण्या आण, तीन आहेत तुझ्याकडे.

येतोस की नाही ते आईच्या फोनवर कळव. माझ्यावर केलास तर मी परत उतारावरच येईन.

पपा