बाबा, आधी तिरकं माप घ्या

श्टुटगार्ट, नोव्हेंबर 2025

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

टेम्पोने ठोकलेल्या आपल्या लोगन गाडीचे फोटो मिळाले. दादाने पाठवलेले, आणि बाबांनी स्वतः काढलेला तोही, ज्यात गाडीपेक्षा अंगठा जास्त आलाय. गाडी दुरुस्त करायची की काढून टाकायची, हे फोनवर बोलायला गेलं की तुम्ही दोघं एकदम बोलता, फोन स्पीकरवर जातो, शेजारच्या काकू येतात आणि शेवटी बाबा "बरं बरं, बघू" म्हणून ठेवून देतात. म्हणून लिहितेय. दादाला मोठ्या अक्षरांत प्रिंट काढून द्यायला सांगितलंय. बाबा, चष्मा लावून वाचा, पेन्सिलीने खुणा करा, हवं तर चुकाही काढा.

आधी माझं. मी बरी आहे. थंडी आहे, पण ती बाहेर; घरात नाशिकच्या डिसेंबरपेक्षा ऊब असते. आई, मी अंधारात एकटी फिरते असं तू दादाला म्हणालीस. इथे या दिवसांत पाचच्या सुमारास अंधार पडतो आणि ऑफिस त्यानंतर सुटतं, मग मी काय उजेड पडेपर्यंत तिथेच बसू? जेवते. वरण-भात जवळजवळ रोज. वजन कमी झालेलं नाही, फोटोत कोट काळा होता.

फराळ पोचला. चिवडा ऑफिसात नेला तर डबा रिकामाच परत आला. चकल्या बहुतेक अख्ख्या आल्या, पॅकिंग तुझंच असणार. पण पुढच्या वर्षी पाठवू नका, इथे आता सगळं मिळतं. दादा बोलता बोलता बोलून गेला की कुरिअरकडून परत येतानाच मुंबई नाक्याला गाडीला टेम्पो धडकला. मला तुम्ही म्हणाला होतात, भाजीला गेलो होतो. असो. चिवडा खरंच छान झाला होता.

शनिवारी फोन का उचलला नाही याचीही चौकशी झाली, तर मी जिना झाडत होते. नीट सांगते, नाहीतर आई म्हणेल पोरगी परदेशात जाऊन झाडूवाली झाली. या भागात केरवोखं म्हणून प्रकार आहे. इमारतीतल्या घरांकडे आळीपाळीने एकेका आठवड्याची सफाई येते. आपला आठवडा आला की शेजारी आपल्या दाराच्या मुठीला एक पाटी अडकवून जातो. मग आपल्या मजल्याचा जिना झाडायचा, पुसायचा, कठडाही पुसायचा. ही झाली छोटी. मोठीत तळघर, अंगण, इमारतीसमोरचा फुटपाथ, आणि बर्फ पडला तर तोही. काम संपलं की पाटी पुढच्या दाराला. मुद्दा असा की जिना आधीच स्वच्छ असला तरी झाडायचा, आणि झाडताना दिसायचं. मी पहिल्यांदा रात्री दहाला उरकून टाकलं, तर सकाळी खालच्या आजी दारात. जिना झाडला कधी, आम्ही तर कोणी पाहिलं नाही! आता मी शनिवारी सकाळी अकराला बादली मुद्दाम आपटत उतरते. पैसे देऊन बाई लावता येते, काहीजण लावतातही, पण त्यांच्याविषयी आजी जे बोलतात ते ऐकल्यावर माझी हिंमत होत नाही. भाड्याच्या करारात हे लिहिलेलं असतं, त्यामुळे हसण्यावारी नेता येत नाही. नोकरीबिकरी सगळी ठीक आहे, काळजी नको.

आता लोगन.

बाबा, गाडी दुरुस्तच करायची हे तुमचं म्हणणं मला कळतं. गाडी नाशिकलाच बनलेली, दाराच्या आतल्या पत्र्याची डाय, म्हणजे साचा, तुमच्या सातपूरच्या कंपनीत तुमच्या हाताखाली लागलेली. दोन्ही बाजूंचे आरसे एकच, डावा फुटला तर उजवीकडचा लावा, हे तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचात. इंजिन अजून एका चावीत सुरू होतं. सगळं मान्य. पण इंजिनाबद्दल कोणी विचारतच नाहीये. प्रश्न पत्र्याचा आहे.

बोलेरोला खाली वेगळी चासी असते, वरचा पत्रा ठोकून सरळ केला की झालं. लोगनला तशी नाही, बॉडी हीच चासी. बोनेटखाली दोन्ही बाजूंना जे लांब दांडे पुढे येतात ते धडकेत दुमडावेत म्हणूनच तसे केलेले असतात. ते दुमडले म्हणून धक्का तुमच्यापर्यंत कमी आला. आता गॅरेजवाला तापवून, साखळी लावून ओढून ते सरळ करेल. रंग मारला की दिसतीलही सरळ. पण पुढच्या वेळी ते कसे आणि कुठे दुमडतील याचा भरवसा नाही. माझं काम सीटांच्या रेल्सचं, त्यामुळे धडकेचं ज्ञान मी पाजळणार नाही. खालच्या मजल्यावर ते काम करणाऱ्याला तुमचे फोटो दाखवले. तो म्हणाला, फोटोवरून सांगणारा माणूस खोटारडा समज, टेप लावायला सांग.

तर टेप लावा. बोनेट उघडून डाव्या शॉकअपच्या वरच्या बोल्टपासून उजव्या दांड्याच्या पुढच्या टोकापर्यंत तिरकं माप घ्या, मग उजव्या बोल्टपासून डाव्या टोकापर्यंत. दोन्हीकडे भोक किंवा बोल्ट तोच धरा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो. सेंटीमीटरचा निघाला तर विषय संपला. डाव्या एप्रनवर, म्हणजे बोनेटखालच्या बाजूच्या पत्र्यावर, रंगाला सुरकुत्या पडल्यात का, स्पॉट वेल्डिंग सुटलंय का, पुढचं डावं दार बंद करताना उचलावं लागतं का, तेही बघा. डाय बसवताना तुम्ही शतांश मिलिमीटरवरून पोरांना ओरडायचात, आता गॅरेजवाल्याच्या "होऊन जाईल साहेब"वर जाऊ नका.

डावी बाजू म्हणजे आईची बाजू. तिथे एअरबॅग नाही, गाडीला एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अडकू न देणारी सोय) नाही. यावर मी जास्त लिहीत नाही.

पैशांचं बघू. आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, एक लाख दहा हजार आहे. वर्कशॉपचं एस्टिमेट ब्याण्णव हजार, द्वारका चौकातल्या गॅरेजचं पन्नास. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण गेली असं धरते. आपल्याकडे ती रेषा साडेब्याऐंशी हजारांवर येते. म्हणजे वर्कशॉपचं एस्टिमेट विमा कंपनीच्या सर्व्हेअरने मान्य केलं तर आपल्या वाट्याचे एक हजार कापून आयडीव्हीची रक्कम मिळायला हवी, आणि गाडी स्वतःकडे ठेवलीत तर सांगाड्याची, म्हणजे मोडक्या गाडीची, किंमत वजा करून. पन्नासात काम करून क्लेम टाकलात तर काय मिळेल ते बघा. गाडी दहा वर्षांच्या वरची, म्हणजे पत्र्याच्या भागांवर 50 टक्के घसारा कापणार. बंपरच्या प्लास्टिकवर तेवढाच, ते तर नव्या गाडीलाही कापतात. काचेला कपात नाही, पण काच फुटलेलीच नाही! वर इतकी वर्षं सांभाळलेला 50 टक्क्यांचा नो क्लेम बोनसही, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची हप्त्यातली सूटही, जाणार. तो तुमच्या नावाचा असतो, गाडीच्या नाही. क्लेम न करता गाडी विकलीत तर त्याचं पत्र मिळतं आणि तीन वर्षांत नव्या गाडीला लावता येतं. पण त्यासाठी आहे तशी गाडी तीस हजाराला कुणाच्या गळ्यात मारायची? हिशेब बसत नाही. बोनस जाऊ दे, टोटल लॉस घ्या.

2024 ला पाच हजार भरून आरसी, म्हणजे गाडीची नोंदणी, 2029 पर्यंत वाढवली, ते पाण्यात जाणार म्हणून तुम्हाला वाईट वाटतंय, असं दादा म्हणाला. ते पाच हजार आता गेलेच. त्यांच्यामागे आणखी पन्नास घालू नका. आणि मामांना सांगा, दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या रस्त्यावरून काढण्याची भानगड दिल्ली आणि तिच्या आसपासची आहे, नाशिकची नाही. ते दर वेळी तुम्हाला उगाच घाबरवतात. मी विका म्हणतेय त्याचं कारण ते नाही.

एक मात्र कटाक्षाने. टोटल लॉस झाली की पेठ रोडला आरटीओत जाऊन आरसी रद्द करून घ्यायची. सांगाडा घेणारा म्हणेल, साहेब, कागद राहू द्या, दहा हजार जास्त देतो. ते दहा हजार कशाचे ते समजून घ्या. अशा गाडीचा चासी नंबर चोरीच्या गाडीवर चढवतात आणि पोलीस तुमच्या दारात येतात. विकायचीच ठरली तरी मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30 भरून नाव बदललेलं स्वतः ऑनलाइन बघितल्याशिवाय गप्प बसायचं नाही. 2018 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, आरसीवर ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्यावर. गाडी पुढे तीन जणांना विकली गेलेली असली तरी.

आई, सिंहस्थाचं तुझं म्हणणं वाचलं. 2027 ला पाहुणे येणार, त्यांना स्टेशनवरून आणायचं कशात? 2015 ला हीच लोगन दिवसभर नाशिकरोडच्या चकरा मारत होती, मला आठवतंय. पण तेव्हा बाबा दहा वर्षांनी लहान होते. पर्वणीच्या दिवशी पोलीस खासगी गाड्या लांबच थांबवतात, रामकुंडापर्यंत गाडी तेव्हाही गेली नव्हती. पाहुण्यांसाठी तेवढे दिवस भाड्याची गाडी सांगू. रोजचं चालवणं म्हणजे दवाखाना, भाजी आणि महिन्या-दोन महिन्यांनी वणीची देवी. त्याला एक छोटी पेट्रोल गाडी पुरते. 22 सप्टेंबरपासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झालाय, आणि आता कोणतीही नवी गाडी घ्या, पुढे दोन एअरबॅग आणि एबीएस असतातच. दादाबरोबर जाऊन बसून बघा. आईला चढता-उतरता सोपी पडते का, एवढंच बघा. रंग बाबांनी निवडा.

माप बरोबर निघालं तर? मग दुरुस्त करा, मी एक अक्षर बोलणार नाही. फक्त डावीकडचा लोअर आर्म (चाकाला धरणारा खालचा दांडा) नवा घाला, भंगारातला नको, आणि नंतर अलाइनमेंट करून टायर कडेला खातोय का बघा. पण बाबा, माप माझ्या समाधानासाठी म्हणून घेऊ नका.

आता बाकीचं, भराभर. तीन लाख बाबांच्या खात्यावर पाठवतेय, पुढच्या आठवड्यात दिसतील. आयडीव्हीचे पैसे आणि हे मिळून डाउन पेमेंट होऊन वर उरेल. एफडी मोडायची नाही. आणि मागच्यासारखं करू नका, पाठवलेल्या पैशांची माझ्याच नावाने एफडी करून मला पावतीचा फोटो! शैक्षणिक कर्ज सप्टेंबरात फिटलं, घराचे कागद बँकेतून सोडवून आणा, दादाला वेळ नसेल तर जानेवारीत मी... जानेवारीत येणं जमत नाहीये. प्रोजेक्टची तारीख सरकली. मे मध्ये नक्की, तिकीट काढलं की पाठवते. आई, गुडघ्याचा एक्स-रे तोवर थांबवू नकोस, माझ्यासाठी तर मुळीच नको. रिक्षाने जा, बाबांना घासाघीस करू देऊ नकोस.

आत्याने सांगितलेल्या म्युनिकच्या मुलाला भेटले. हो, भेटले. मुलगा बरा आहे, धुळ्याचा, बोलायला सरळ. त्याला परत यायचं नाहीये, कायमचं इथेच राहायचंय. मी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. आत्याला यातलं काही सांगू नका, ती हॉल बघायला निघेल. त्याने विचारलं, तुझे आई-बाबा इकडे येऊन राहतील का? मी म्हटलं, विचारते. तर हे विचारलं. उत्तर घाईने देऊ नका.

तुमची,
मनू

ता. क. फास्टॅग बंद करायला सांगा, नाहीतर सांगाडा टोलनाका ओलांडेल आणि पैसे बाबांचे कापले जातील. पीयूसी, पॉलिसी आणि दोन्ही चाव्या एका पाकिटात घालून ठेवा. दुसरी चावी आईच्या कपाटात आहे.