आल्टरनेटरला हात लावून बघ म्हणणाऱ्या काकांना

काका, नमस्कार,

तोंडावर थँक्यू म्हणलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणता आणि विषय बदलता, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. आता पूर्ण वाचावंच लागेल.

माझ्या जुन्या गाडीचं दुखणं तुम्हाला पाठ आहे, पण बाकीच्यांसाठी सांगते. रोज चालवली तर गाडी एकदम शहाणी, दोन दिवस उभी राहिली की सेल्फ मारल्यावर नुसतं टिक टिक टिक. आधी मेकॅनिक म्हणाले बॅटरी गेली, नवीन टाका. टाकली. तीही तशीच बसायला लागली. मग म्हणाले आल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो) चेक करू, गाडी चालू असताना मीटर लावला, १३.९ व्होल्ट आले, म्हणाले चार्जिंग मस्त आहे, वायरिंगच जुनं झालंय, सगळं हार्नेस, म्हणजे गाडीतल्या वायरींचा अख्खा जुडगा, बदलून टाका. हार्नेस! त्या दिवशी मी तुमच्या दारात आले तेव्हा खरं तर मला गाडी विकावी का हे विचारायचं होतं.

तुम्ही एकच प्रश्न विचारलात, "बंद गाडी किती अँपियर खातेय ते कुणी मोजलं का?" कुणीच मोजलं नव्हतं. सगळ्यांनी चालू गाडी तपासली होती आणि माझी तक्रार तर बंद गाडीची होती!

मग तुमचा तो मल्टीमीटर निघाला. बॅटरीचा निगेटिव्ह दहाच्या पान्याने सोडवला, लाल प्रोब मीटरच्या १० अँपियरच्या भोकात, आणि मीटर निगेटिव्ह टर्मिनल आणि सुटलेल्या वायरच्या मधे, म्हणजे जे काही जाईल ते मीटरमधूनच जाणार. आणि वर दम, "आता चावीला हात लावायचा नाही, सेल्फ शेकड्याने अँपियर ओढतो, मीटरचा फ्यूज जाईल." दरवाजा उघडा ठेवून त्याच्या लॅचमधे स्क्रू ड्रायव्हर घालून ते खट् करून बंद केलंत, म्हणजे गाडीला वाटावं दार लागलंय आणि आपल्याला आत हात घालता यावा, हे बघून मला हसूच आलं होतं. पण ते केलं नसतं तर आतला दिवा चालू राहिला असता आणि आपण त्यालाच चोर समजलो असतो.

मला लगेच आकडा बघायचा होता, तुम्ही बघू दिला नाहीत. सेंट्रल लॉक, अलार्म वगैरे झोपायला वेळ लागतो, काही गाड्यांमधे अर्धा तास पण लागतो, त्याआधीचा आकडा खोटा. चहा पण नाही, काही नाही, नुसते बॉनेटपाशी उभे आपण. मग ०.८१ अँपियरवर आकडा स्थिर झाला. ०.०५ च्या आत हवा होता. तुम्ही तिथल्या तिथे हिशोब सांगितलात की ०.८ गुणिले २४ म्हणजे दिवसाला १९ अँपियर अवर, बॅटरी ४५ ची, दोन दिवसात ती मेली नाही तरच नवल. इतके दिवस मला जे भुताटकीसारखं वाटत होतं तो चक्क गुणाकार निघाला.

डिक्कीचा दिवा तुम्ही कसा पकडलात ते तर मी सगळ्यांना सांगत सुटलेय. मोबाईलवर व्हिडिओ चालू केला, फोन डिक्कीत ठेवला, डिक्की लावली, थोड्या वेळाने काढून बघितलं तर आत लख्ख उजेड. स्विच अडकलेला. पाच वॅटचा बल्ब म्हणजे ०.४ अँपियर, बल्ब काढला आणि मीटर ०.३९ वर आला. मी म्हणलं झालं सापडलं, तुम्ही म्हणालात "अर्धंच सापडलं." दुसरा कुणी असता तर तिथेच हात झटकून घरी गेला असता आणि आठवड्याने मी परत टिक टिक ऐकत बसले असते.

फ्यूज बॉक्सचं पण तसंच. मी एकेक उपटायला निघाले होते, तुम्ही थांबवलंत, कारण फ्यूज काढून परत घातला की झोपलेलं काहीतरी जागं होतं आणि आकडे नाचायला लागतात. फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक धातूचे ठिपके उघडे असतात हे मला माहीतच नव्हतं, त्यावर दुसऱ्या मीटरचे प्रोब टेकवून मिलिव्होल्ट बघायचे, करंट जात असेल तर काहीतरी दिसतं, दहा अँपियरच्या फ्यूजमधून ०.४ जात असेल तर तीनेक मिलिव्होल्ट. सगळे शून्य. फक्त टेपच्या फ्यूजवर किंचित, ते त्याच्या घड्याळाचं. म्हणजे करंट जातोय, पण यातल्या एकाही फ्यूजमधून नाही. मला वाटलं आता खरंच हार्नेस.

तुम्ही शांतपणे म्हणालात, "आल्टरनेटरला हात लावून बघ."

गाडी आदल्या संध्याकाळपासून बंद होती. इंजिनचा ब्लॉक गारठलेला, ब्रॅकेट गार, आणि आल्टरनेटरची मागची बाजू कोमट. फार नाही, पण कोमट. त्याची जाड वायर थेट बॅटरीला जाते, या फ्यूज बॉक्समधून जातच नाही, आणि आतला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लीक झाला की बंद गाडीत करंट उलटा आत शिरत राहतो. चार्जिंग मात्र १३.९ दाखवतं, म्हणून कुणाला शंका आली नाही. तुम्ही आधी बॅटरी पूर्ण सोडवायला लावलीत (ती जाड वायर कायम लाईव्ह असते, पाना बॉडीला टेकला तर ठिणग्या), मग वायर काढून टेप गुंडाळला, मीटर परत लावला. ०.०२. तुम्ही नुसते "हं" म्हणालात आणि मी तिथे अक्षरशः उडी मारली, ते शेजाऱ्यांनी पाहिलंय.

अख्खा आल्टरनेटर नाही, नुसती डायोड प्लेट बदलली. लग्नाच्या गडबडीत आठवडाभर गाडीला हात लावला नव्हता, काल सकाळी बॅटरी मोजली तर १२.५ व्होल्ट, आणि सेल्फ पहिल्या फटक्यात.

काका, तुम्ही स्वतः करून मोकळे झाला असता तर अर्ध्या वेळात झालं असतं. पण प्रोब माझ्या हातात दिलेत, दर वेळी "तू सांग, आता काय उरलं?" विचारलंत, आणि मी येडपट उत्तरं दिली तरी हसला नाहीत, फार तर मिशीत. त्याबद्दल मनापासून आभार.

तुमच्या क्रोकोडाईल क्लिपा अजून माझ्याच डॅशबोर्डमधे आहेत, रविवारी आणून देते. डिक्कीचा स्विच पण मिळालाय, बसवताना तुम्ही फक्त खुर्ची टाकून बसा आणि ओरडा.

तुमची,
खालच्या मजल्यावरची