मंत्रीसाहेब, आयसीयूतल्या सिस्टरला दहा मिनिटं मिळू द्या

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

साहेब, माझे बाबा एका सरकारी हॉस्पिटलच्या आयसीयूत नऊ दिवस व्हेंटिलेटरवर होते. जीव वाचला, तिथल्या डॉक्टर-सिस्टरांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही, हे आधी सांगते.

पण तिसऱ्या दिवशी मला आत सोडलं तर दोन्ही हात पट्टीने कॉटला बांधलेले, चष्मा नाही, कानातलं मशीन नाही, भेदरून छताकडे बघत होते आणि मला ओळखलंच नाही. तोंडातली व्हेंटिलेटरची नळी ओढतात म्हणून बांधलंय, असं तिथला स्टाफ म्हणाला, खरंही असेल, त्या रात्री एकाच सिस्टरकडे सहा पेशंट होते, ती बिचारी कुणाकुणाकडे बघणार. पण ज्याला धड दिसत नाही, ऐकू येत नाही, बोलता येत नाही, दिवस का रात्र तेही कळत नाही, तो माणूस भ्रमिष्टासारखा वागणारच ना.

पाचव्या दिवशी पेशंट जरा कमी होते. एका सिस्टरने माझ्याकडून चष्मा मागून घेतला, मशीन कानात बसवलं आणि वाकून म्हणाली, "काका, आज गुरुवार आहे, सकाळचे दहा वाजलेत, तोंडात नळी आहे म्हणून आवाज निघत नाहीये." एक हात सोडून पेन दिलं. बाबांनी वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, तहान. तिने गॉज ओला करून ओठांवरून फिरवला. दहा मिनिटं लागली असतील फार तर. त्यानंतर बाबांनी नळीला हात लावला नाही.

ही दहा मिनिटं सिस्टरच्या स्वभावावर नाही, पेशंट किती आहेत त्यावर ठरतात साहेब. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकषच आहे, आयसीयूत प्रत्येक शिफ्टला एका पेशंटमागे एक नर्स आणि वर रजेसाठी 30 टक्के जादा. मे 2022 मध्ये आपल्याच राज्यातल्या नर्सेस कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या होत्या, त्यांचं ऐका, आयसीयूच्या जागा कायमस्वरूपी भरा, कारण तिथलं काम शिकलेली सिस्टर दर अकरा महिन्यांनी बदलून चालत नाही.

भरतीला वेळ लागेल, समजू शकते. तोवर एक परिपत्रक तरी काढा, पेशंटचा चष्मा आणि कानाचं मशीन नातेवाइकांच्या हातात न देता बेडशेजारीच ठेवायचं, आणि घरच्या एकाला रोज थोडा वेळ हात धरून बसू द्यायचं. याला तर पैसेही लागत नाहीत.

आपली,
एका पेशंटची मुलगी