गच्चीवरच्या सोलर फ्रेमचा हिशेब कोण करतंय?

संपादक साहेब, नमस्कार.

जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड, कुठंही मान वर करून बघा, गच्चीवर उंच लोखंडी खांबांवर सोलर पॅनेल दिसतातच. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78 हजार सबसिडी मिळते आणि आपल्याकडं उन्हाला तोटा नाही, लोक लावतायत ते चांगलंच आहे. पण खाली वाळवण घालता यावं, फिरता यावं म्हणून फ्रेम सात-आठ फूट उचलून घेतात आणि तिचा हिशेब कुणी करतच नाही, फॅब्रिकेटर म्हणतो "चार माणसं चढवा, हलणार नाही ओ" आणि आपण मान डोलावतो.

वजनाची भीती नाहीच मुळात. पॅनेलचं वजन चौरस मीटरला 11-12 किलोच्या आसपास. वारा सेकंदाला 40 मीटर म्हणजे ताशी 144 किमीनं आला तर दाब चौरस मीटरला जवळपास 98 किलो, आणि तिरक्या पॅनेलच्या पोटात शिरला की तो सगळं वर उचलायला बघतो. उतारानुसार कमी-जास्त होईल पण निम्मा धरला तरी वजनाच्या चौपट आहे. मग माणसं चढवून काय कळणार, ताकद लागते ती बोल्ट उपसू नयेत म्हणून, आणि ते बोल्ट तर कैक ठिकाणी नुसत्या कोब्यात ठोकलेले असतात, खालच्या स्लॅबपर्यंत पोचतच नाहीत.

खांबाचं वेगळंच. बारीक उंच खांब दबून चेपत नाही, तो मधेच वाकतो, प्लास्टिकची फूटपट्टी उभी धरून वरून दाबा म्हणजे दिसेल. ऑयलर नावाच्या गणितज्ञानं अठराव्या शतकातच गणित मांडून ठेवलंय, लांबी दुप्पट झाली की खांबाची ही ताकद चौथाईवर येते. त्यात पाय घट्ट आणि डोकं मोकळं असेल तर तो खांब हिशेबात दुप्पट लांबीचाच धरतात. दोन्ही बाजूंनी क्रॉस, म्हणजे दोन खांबांमधे फुलीसारख्या तिरक्या पट्ट्या, टाकले की डोकं जागेवर राहतं, पण येता-जाता आडवे येतात म्हणून लोक नेमके तेच काढायला लावतात. क्रॉस नको असतील तर निदान कोपऱ्यात तिरके टेकू द्या आणि खांब जाड घ्या. आडव्या बीमचंही तसंच, दोन खांबातलं अंतर दुप्पट केलं आणि फुटाला तेवढाच भार ठेवला तर तोच बीम 16 पट लवतो, म्हणून एक खांब वाचवायच्या नादाला लागू नये.

13 मे 2024 ला घाटकोपरला वादळात होर्डिंग पडून 17 माणसं गेली. आपल्याकडं वळवाचे वारे दरवर्षी येतात आणि गच्चीच्या खाली रस्ता असतो, शेजाऱ्याचं घर असतं.

महापालिका आणि महावितरण दोघांनाही कळकळीची विनंती आहे, उंच फ्रेम असेल तर नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा) बसवायच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीचं ड्रॉइंग मागा, त्यात आयएस म्हणजे भारतीय मानकांपैकी आयएस 875 भाग 3 प्रमाणे वारा आणि आयएस 800 प्रमाणे स्टील धरलेलं असावं, आणि खांब शक्यतो खालच्या आरसीसी कॉलम किंवा बीमवरच येतात का तेही बघा.

एक वाचक, जुळे सोलापूर