घर झालं, दत्ता

पुणे, 11 जानेवारी 2026

प्रिय दत्ता,

दिवाळीत तू फोनवर विचारलंस, "घर घेतोस की नुसताच जिने चढतोस?" तेव्हा मी विषय बदलला. आता सांगतो, पण पत्रातून. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

2006 साली आपण कर्वेनगरात कॉट बेसिसवर राहायचो. एका खोलीत चार कॉट, मेसला रोज बटाटा, आणि रविवारी संध्याकाळी मयूर कॉलनीतून चक्कर. बंगल्यांच्या फाटकांवरच्या पाट्या वाचत तू म्हणायचास, "घर घ्यावं तर कोथरूडला. कर्वेनगर म्हणजे पोरांची छावणी." ते वाक्य माझ्या डोक्यात वीस वर्षं फुकट राहिलं. म्हणून शोध कोथरूडपासूनच सुरू केला. कर्वे पुतळ्यापासून कर्वेनगरात चालत जायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तेवढ्यात एजंट लोक पंधरा-वीस लाखांचा फरक सांगतात. मिनिटाला लाख, हिशेब सोपा आहे.

डहाणूकर कॉलनीतला एक फ्लॅट पाहून सुजाता आणि मी दोघंही विरघळलो. 1988 ची इमारत, गॅलरीला टेकलेला आंबा, दुपारी सुद्धा सावली. नाटक पाहायचं तर यशवंतराव चव्हाण नाट्यगृह हाकेवर. पौड रस्त्यावर वनाझला मेट्रोत बसलं की थेट रामवाडी. सगळं छान, पण फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. अण्णा पहिल्या मजल्यावर थांबले, दुसऱ्यावर बसले, तिसऱ्यावर बोललेच नाहीत. एजंट म्हणाला, "काका, काळजी करू नका, इमारत रिडेव्हलपमेंटला जाणार आहे, मग लिफ्टच लिफ्ट!" जाहिरातीत 900 फूट लिहिलं होतं. मी खिशातून टेप काढली तर कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, भरला 610. बाकीचे 290 फूट कुठे गेले विचारलं, तर म्हणे ते 'सेलेबल', म्हणजे भिंती-जिने धरून विकायचा आकडा.

खरी गोष्ट खाली पार्किंगमध्ये कळली. सोसायटीचे सेक्रेटरी भला माणूस, त्यांनी काही लपवलं नाही. इमारतीला पस्तीस वर्षं उलटली तरी कन्व्हेयन्स झालेलं नाही. म्हणजे जमीन अजून मूळ मालकाच्या नावावर. मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे मालकाच्या सहीवाचून जमीन सोसायटीच्या नावावर करून घ्यायचा, अर्ज करायचा म्हणतात, पण त्यासाठी कागद गोळा करायला कुणाला वेळ नाही. पुनर्विकासाला आता 51 टक्के सभासदांची संमती पुरते, पण त्यांचे 51 टक्के नव्या इमारतीत कुणाला किती पार्किंग यावरच भांडतायत. समज, सगळं जुळलं. मग बिल्डर भाडं देणार आणि आपण तीन-चार वर्षं दुसरीकडे बिऱ्हाड करायचं. अण्णा 74 चे आहेत. रिक्षात बसताना एवढंच म्हणाले, "लातूरचं घर मोडून मी पुण्यात भाडेकरू व्हायला आलो का रे?" विषय तिथेच मिटला. आंब्याची हळहळ अजून आहे.

मग कर्वेनगर. जाहिरातीत त्याला 'कोथरूड अ‍ॅनेक्स' म्हणतात, वाचून तुझी आठवण आली. पहिला फ्लॅट नदीकडचा निघाला. 'रिव्हर व्ह्यू' म्हणून वर चार लाख. 2024 च्या जुलैत खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा पलीकडच्या तीरावर, सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत, लोकांच्या घरात पाणी शिरलं होतं, ते मी विसरलो नव्हतो. निळी पूररेषा इमारतीपासून किती लांब, असं विचारल्यावर एजंट फोनवर बोलत बाहेर गेला तो परत आलाच नाही. शिवाय नदीकाठच्या डीपी रस्त्याला मंगल कार्यालयांची रांग लागलेली. मी मुद्दाम लग्नाच्या मुहूर्ताच्या दिवशी रात्री साडेनऊला जाऊन उभा राहिलो. दोन वराती आमनेसामने, दोन बँड, दोन वेगळी गाणी. घर बघायला रविवारी सकाळी कधी जाऊ नये, तेव्हा सगळंच पुणं सुंदर असतं.

दुसरा फ्लॅट हिंगणे होम कॉलनीच्या बाजूला, आपल्या खोलीपासून तीन गल्ल्या. (आपली इमारत पाडली, मेसच्या जागी आता झेरॉक्सचं दुकान आहे.) 2005 चं बांधकाम, दुसरा मजला, लिफ्ट, कन्व्हेयन्स झालेलं, भोगवटा पत्र फाइलमध्ये. कार्पेट 680, आणि ते टेपवरही 680 च भरलं. मी खिडक्या बघत होतो, तोवर अण्णांनी वॉचमनला गाठलं. "नळाला पाणी किती वाजता येतं? किती वेळ? टँकर महिन्याला किती?" 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं आपल्या गावाला पाणी आलं, तेव्हा घागरी घेऊन रांगेत उभा राहिलेला माणूस आहे तो. वॉचमन म्हणाला, "टँकर नाय बघा, फक्त कधीमधी गुरुवारी बंद असतं." अण्णा वर येऊन सुजाताला म्हणाले, "घे हेच." मला विचारलंसुद्धा नाही.

खोटं कशाला सांगू, सावली नाही. गल्लीत दुतर्फा दुचाक्या, समोर मुलींचं होस्टेल, रात्री अकराला डिलिव्हरीवाल्यांची जत्रा, आणि डास तर 2006 चेच असावेत, मला ओळखतात. मेट्रो नाही. नळ स्टॉप ते वारजे-माणिकबाग मार्गाला नोव्हेंबरात केंद्रानं मंजुरी दिली, तर लगेच मालकानं दोन लाख वाढवून मागितले. मी म्हटलं, मेट्रो आल्यावर देतो. हसला आणि जुन्या आकड्यावर, 88 लाखांवर, आला.

खरेदी एकट्या सुजाताच्या नावावर केली. पुण्यात मुद्रांक शुल्क सात टक्के, फक्त बाईच्या नावावर घेतलं तर सहा. 88 हजार वाचले, वर नोंदणीचे 30 हजार चुकत नाहीत. कर्जाच्या हप्त्यावर मात्र माझं नाव ठळक आहे. हसू नकोस.

परवा इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, हातात आला. अण्णांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचला, "मौजे हिंगणे बुद्रुक, तालुका हवेली." कर्वेनगरचं जुनं नाव तेच, कागदावर अजून तेच चालतं. अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे खेडंच की रे! उगीच वीस वर्षं कोथरूड कोथरूड करत होतास." दिवसभर खुशीत होते. गावाकडे तीन फोन लावून झाले.

ताबा फेब्रुवारीअखेर. पाडव्याला राहायला जातोय, तू आणि वहिनी आदल्या दिवशीच या. तुझ्यासाठी हॉलमध्ये कॉट टाकतो, भाडं घेणार नाही. येताना पाच किलो तुरीची डाळ आण, इथल्या डाळीला अण्णा रोज नावं ठेवतात.

तुझा,
शिवा