‘पुढे घेऊन जा’ म्हणण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की सातपुड्याच्या पायथ्याकडच्या बातम्या ठरलेल्या असतात. सर्पदंश झाला, रुग्णवाहिका उशिरा आली, जळगावला नेताना वाटेतच जीव गेला. मग दोन दिवस रुग्णवाहिकेवर चर्चा होते. मी याच भागात सरकारी रुग्णालयांत परिचारिका होते, आता निवृत्त आहे. गाडी किती वाजता आली हे सगळे विचारतात, पण गाडीत घालण्याआधी पहिल्या दवाखान्यात त्या रुग्णाला काय दिलं, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते घोळ बऱ्याचदा तिथेच झालेला असतो.

मण्यारचंच बघा. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते. फारसं दुखत नाही, सूज नाही, खूणही दिसेलच असं नाही. पहाटे पोटात कळा येतात, मग पापण्या जड होतात, गिळता येईनासं होतं, मान धरवत नाही. त्यापुढे श्वास बंद पडतो. अशा माणसाच्या नाकाला नुसती ऑक्सिजनची नळी लावून गाडीत घालणं म्हणजे मनाचं समाधान. छातीच हलत नसेल तर ऑक्सिजन आत जाणार कसा? घशातून श्वासनलिकेत नळी टाकावी लागते, ते जमत नसेल तर तोंडावर मास्क घट्ट धरून अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, दाबत राहावं लागतं, थेट दुसऱ्या रुग्णालयाच्या दारापर्यंत. हात भरून येतात, पण माणूस वाचतो.

घोणस आणि फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. ते ओळखायला मोठी लॅब नको. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, २० मिनिटं तिला हात लावायचा नाही, मग तिरपी करून पाहायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं की सापाच्या विषावरची लस सुरू. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच लस चालते, जिला आम्ही एएसव्ही म्हणतो. पहिला डोस साधारण १० व्हायलचा, म्हणजे औषधाच्या १० कुप्यांचा. हे सगळं तालुक्याच्या ठिकाणी होऊ शकतं आणि व्हायलाच हवं. पण कित्येकदा काय होतं? धनुर्वाताचं इंजेक्शन, एक सलाईन आणि हातात चिठ्ठी. ‘‘सिस्टर, आते काय करानं?’’ असं नातेवाईक विचारतात, आणि उत्तर ठरलेलं असतं: पुढे घेऊन जा.

डॉक्टरांची बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. रात्री एकच वैद्यकीय अधिकारी, एका टेबलावर बाळंतीण, दुसऱ्यावर फवारणीचं औषध प्यायलेला शेतकरी, आणि दारात गावची चाळीस माणसं. एएसव्हीची रिअॅक्शन येऊ शकते. त्यासाठी अॅड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरून हाताशी ठेवायचं असतं, ते वेळेवर दिलं तर रुग्ण सावरतो. पण रिअॅक्शन आली आणि जमाव अंगावर धावला तर काय, या भीतीने चिठ्ठी लिहिणं सगळ्यात सुरक्षित वाटतं. डॉक्टरसाठी सुरक्षित, रुग्णासाठी नव्हे. रुग्ण दगावला म्हणून दवाखान्याच्या काचा फोडणाऱ्यांनीही याचा थोडा विचार करावा.

आता गाडीविषयी. राज्यात १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या. त्यांतल्या अॅडव्हान्स लाइफ सपोर्टच्या, म्हणजे व्हेंटिलेटर असलेल्या, फक्त २३३. बाकीच्या गाड्यांत डॉक्टर असतो, पण यंत्राने श्वास देण्याची सोय नसते. तेव्हा आपल्याकडे कोणती गाडी येईल हे धरूनच तयारी करायला हवी. दुसरं असं, की इथेच सावरता आला असता असा रुग्ण घेऊन तालुक्याची गाडी जळगावला गेली की ती परत येईपर्यंत अपघातातल्या जखमीला दुसऱ्या तालुक्याच्या गाडीची वाट पाहावी लागते. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून रुग्णाला बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. तिथे मूळ दुखणं रस्त्याचंच आहे, त्यावर वेगळं लिहावं लागेल.

ऑक्सिजनचा हिशेबही कोणी करत नाही. बी-टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर असतो. मिनिटाला १० लिटरने दिला तर अडीच तास. सिलिंडर अर्धाच असेल तर सव्वा तास, आणि वाटेत रेल्वे फाटक लागलं तर तेही त्यातच धरा. गाडी सुटण्याआधी मीटरकडे एकदा नजर टाकायला किती वेळ लागतो? नव्या रुग्णवाहिकेपुढे नारळ फोडायला सगळे पुढारी येतात, पण लॅरिंगोस्कोपचे, म्हणजे घशात बघायच्या दिव्याच्या उपकरणाचे, सेल संपले म्हणून घशात नळी टाकता येत नाही, हे त्यांच्या कानावरही जात नाही.

मी नवं काही मागत नाही. १९९२ मध्ये पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडून जखमी झालेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी दाखल करून घेतलं नाही. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे घटनेच्या २१ व्या कलमाचा भंग ठरवला आणि नुकसानभरपाईही द्यायला लावली. त्याच निकालात म्हटलं आहे की प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्णाला आधी स्थिर करण्याची सोय हवी, मोठ्या रुग्णालयात खाट कुठे रिकामी आहे हे कळण्यासाठी मध्यवर्ती संपर्क यंत्रणा हवी, आणि रुग्णवाहिकेत साहित्य आणि माणसं हवीत. तेव्हा मोबाइल कोणाच्या हातात नव्हता. आज शिपायाच्या खिशातही आहे, तरी रुग्ण निघालाय एवढा एक फोन पुढच्या रुग्णालयात जात नाही. रुग्ण अपघात विभागाच्या दारात उतरतो तेव्हा तिथल्यांना पहिल्यांदा कळतं की याला व्हेंटिलेटर लागणार आहे.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार, तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथे चोवीस तास एकच नंबर असावा आणि तो एखाद्या वरिष्ठ डॉक्टरने उचलावा. तालुक्याचा डॉक्टर रात्री एकटा असतो. फोनवर कोणी ‘लस सुरू करा, मी लाइनवर आहे’ म्हटलं तरी त्याचा हात थरथरायचा थांबतो. चिठ्ठीवर नुसतं ‘रेफर’ न लिहिता कोणतं औषध किती वाजता दिलं, हे लिहिणं सक्तीचं करावं. आणि पाठवलेल्या रुग्णाचं पुढे काय झालं, हे महिन्यातून एकदा पाठवणाऱ्याला कळवावं. नोकरीत असताना मला हे कधीच कळलं नाही.

अंबू बॅग नीट दाबायला वॉर्डबॉय, चालक, आशाताई कोणालाही शिकवता येतं, एका दुपारचं काम आहे. जिल्हा शल्यचिकित्सकांनी बोलावलं तर माझ्यासारख्या निवृत्त सिस्टर विनामोबदला येतील. मात्र मृग लागायच्या आत बोलवा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
चोपडा, जि. जळगाव